पाठीला लागलेली माती

कुस्तीत पाठ मातीला लागली की खेळ संपला. महाळुंगे पडवळच्या तालमीत वस्तादांनी मला सगळ्यात आधी हे शिकवलं. ते अंगात इतकं भिनलं की पुढे तेच नडलं.

नव्वदच्या दशकात मी मंचरला कराटेच्या क्लासलाही जाऊ लागलो. वस्तादांना त्या माकडउड्या वाटायच्या, पण त्यांनी अडवलं नाही. नंतर पुण्यात नोकरी लागली, तिथं बॉक्सिंग शिकलो. लाथ, ठोसा, पकड सगळं चालणारा खेळ तेव्हा नुकताच आपल्याकडे आला होता. मला तिन्ही येत होती, त्यामुळे मी हवेत होतो.

पहिल्याच लढतीत समोरच्यानं मला खाली पाडलं. पाठ टेकू नये म्हणून मी सवयीनं पोटावर वळलो आणि त्यानं मागून गळा आवळला. मी जमिनीवर थाप मारून हार मानली.

"पाठीवर राहा, पाय त्याच्या कमरेभोवती घाल आणि तिथूनच लढ," पुण्यातले आमचे प्रशिक्षक म्हणाले. तिन्ही कला एकमेकींत मिसळायच्या तर मला आधी पाठ टेकायला शिकावं लागणार होतं. शिकलो, पण मन खात होतं. हे वस्तादांना दुसऱ्या कुणाकडून कळलं असतं तर त्यांनी मला पुन्हा तालमीत पाऊल ठेवू दिलं नसतं.

म्हणून एका सकाळी स्वतःच गेलो आणि सगळं सांगितलं. सत्तरी ओलांडलेले वस्ताद मग सदरा काढून आखाड्यात उतरले.

"झोप."

त्यांच्यादेखत मी पाठीवर झोपलो. शरमेनं कान तापले. त्यांनी वर येऊन माझे खांदे दाबले. त्यांचं अंग हलकं झालं होतं, पकड मात्र तीच. मी पाय त्यांच्या कमरेभोवती घातले आणि थांबलो. पुढे माझ्याच्यानं होईना.

"कर की. लटकं मला चालत न्हाई."

मी त्यांना हळूच उलथवलं. वस्तादांची पाठ मातीला लागलेली मी जन्मात पाहिली नव्हती. मला रडू फुटलं. उठवायला हात पुढे केला, तो त्यांनी झटकला.

"रडतो काय लेका? आता मी खाली हाय. पाय कुठं घालायचं, दाव."