आडव्या पालखीचं चित्र

'उदगीर, बुधवार, ७ फेब्रुवारी २०२४. नळ पावणेसहाला आला, सव्वासहाला गेला. सुमनबाई कामाला आली नाही. दहाला मठात चित्राची बैठक.'

एवढं लिहून महानंदाबाईंनी डायरी मिटली आणि कागदाची गुंडाळी काखेत मारून त्या निघाल्या. वय अठ्ठ्याहत्तर, नवरा जाऊन अकरा वर्षं झालेली. पण चाल अजून चित्रकलेच्या बाईंचीच. नव्या स्वामींच्या पट्टाभिषेकाची मिरवणूक मठाच्या भिंतीवर रंगवायची होती. आज कच्चं चित्र पास झालं तर भिंत त्यांची; नाही तर लातूरचा फ्लेक्सवाला टपूनच बसला होता.

कमिटीचे अध्यक्ष आप्पासाहेबांनी चष्मा चढवला. "बाई, ह्यात आमी कुठं हाव?"

"पालखीच्या खांदेकऱ्यांच्या मागं," बाई म्हणाल्या. "कॉन्व्हेंटात सिस्टर आम्हाला इटलीतली चारपाचशे वर्षांपूर्वीची रेखाटनं दाखवायच्या. राजाची स्वारी निघालेली, पण राजाचं तोंड सुपारीएवढं. छत्र धरणारे, घोडे, वाकलेले लोक, हेच ठळक. राजाचा थोरपणा भोवतीच्या माणसांत दिसतो, आप्पासाहेब."

"मग आमाला बी वाकवा, पण पुढं वाकवा!"

बैठक हसली. चाळीस वर्षं पालखीला खांदा दिलेले मडिवाळप्पा तेवढे हसले नाहीत. ते चित्रापाशी उकिडवे बसले होते.

"अक्का, लई झ्याक काढलं. पण पालखी चुकली. ही सरळ चालायली. आपली अड्डपालखी हाय. आडवी चालती, रस्ता भरून. म्हणून तर समदे बाजूला सरतेत."

बाईंनी पाहिलं. लहानपणापासून पाहिलेली पालखी, आणि हातानं मात्र इटलीची वाट धरली होती!

"चूक माझी," त्या म्हणाल्या, आणि तिथंच कागद उलटा करून पेन्सिल चालवू लागल्या. आता पालखी समोरून येत होती. दांडा या दुकानापासून त्या दुकानापर्यंत, माणसं अंग चोरून ओट्यांवर चढलेली. स्वामी अंगठ्याएवढे, पण अख्खी पेठ त्यांचीच.

"सांगा आप्पासाहेब, तुम्हाला रस्त्यात कुठं उभं करू?"

आप्पासाहेबांनी कागद जवळ ओढला. मग एका ओट्यावर बोट ठेवलं. "हितं. फेटा तेवढा दिसू द्या."

"फेटा दिसेल. पुढचा चेहरा मडिवाळप्पांचा."

"मंजूर. फ्लेक्सवाल्याला न्हाई म्हणून कळवा."

संध्याकाळी बाईंनी डायरीत लिहिलं: 'मोठा कागद पसरायला बैठकीच्या खोलीतला ह्यांचा दिवाण अकरा वर्षांनी हलवला, भिंतीकडे सरकवला. खालची फरशी दोनदा पुसली.'