रोटाचे भाऊबंद

सुरतेपासून आत, उसाच्या शेतांत, छोट्या गाडीचं एक स्टेशन होतं. गाडी बंद झाली, तिकिटाच्या खिडकीत गवत माजलं, पण उषाबाई तिथून हलली नाही. तिचा नवरा सुकदेव रेल्वेत खलाशी होता. निवृत्त झाल्यावर त्याने स्टेशनला लागूनच दोन खोल्या बांधल्या आणि खानदेशातली कानबाई तिथे बसवली. तो गेला, तरी देवीचा श्रावणातला रविवार बाईने चुकवला नाही. हट्टाची पक्की!

दरवर्षी सुरतेतल्या नवागामहून भाऊबंद येत. आधी गाडीने, मग रिक्षा बदलत, कुरकुरत. रोटाचा, म्हणजे देवीच्या नैवेद्याच्या जाड पोळीचा, नियम कडक: प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घ्यायचे आणि त्याचा रोट भाऊबंदांनीच खाऊन संपवायचा. परक्याला कणही नाही.

यंदा ती शनिवारी परात घेऊन बसली, तोच मुलाचा, हेमराजचा फोन आला.

"माय, औंदा तठे कोनीच येत नही. कानबाई आठेच नवागामले बसाडू. तू ये."

"आनि हाई जागा?"

"तठे आते काय शे?"

"मी शे ना!" म्हणत तिने फोन आपटला आणि पदराने डोळे पुसले. रोट उरला तर दोष लागणार, अन् केलाच नाही तर सुकदेवने बसवलेली देवी इथून कायमची उठणार.

शेजारची काशीबेन दूध घेऊन आली. सुकदेव गेला तेव्हा नवागामची माणसं पोचेपर्यंत हिनेच उषाबाईला कवेत धरलं होतं. गावातल्या बाप्यांनी लाकडं रचली होती. मग परके कोण, भाऊबंद कोण? उषाबाईने परात पुढे ओढली.

"गावातल्या बाप्यांची नावं सांग."

काशीबेन सांगत गेली. रमणभाई, छोटूभाई, मगनकाका. भांडकुदळ भीखूचंही नाव आलं. उषाबाईने तोंड वाकडं केलं, पण मूठ पुरती भरली.

"आन् तुझ्या घरचं?"

"मारे घेर तो कोई पुरुष नथी," काशीबेन हसून म्हणाली आणि उठायला लागली.

उषाबाईचा हात थांबला. नियम तर पुरुषांचाच होता. मग तिने काशीबेनला हाताला धरून खाली बसवलं, तिच्या नावाने सव्वा मूठ घेतली, आणि जन्मात पहिल्यांदा, स्वतःच्या नावानेही.