पथ्याची मुखत्यारी

कल्याणच्या मुनसफ कोर्टात हरिहरपंत वकील बोलायला उभे राहिले की समोरचा पक्षकार आपणहून घाम पुसायला लागायचा. शब्दाचा कीस काढावा तर त्यांनीच! विहीर एकाची आणि विहिरीतलं पाणी दुसऱ्याचं असू शकतं, हे त्यांनी एकदा भर कोर्टात पटवून दिलं आणि दोन सख्ख्या भावांना तहानलेलं घरी पाठवलं. असला माणूस पथ्याला बसला. आता पथ्याचं काय झालं असेल ते ऐका.

नव्या जोड्याने त्यांच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला फोड आला, तो काही केल्या भरेना. त्यात न्हाणीच्या मोरीला लाल मुंग्यांची रांग लागलेली. त्र्यंबकशास्त्री वैद्यांनी नाडी पाहिली, अंगठा पाहिला, मोरीही पाहिली आणि आडपडदा न ठेवता सांगितलं, "पंत, हा मधुमेह. भात, गूळ, साखर, दही सगळं बंद. जवाची भाकरी, मुगाचं कढण आणि कारलं. ऐकलंत तर अंगठा भरेल. नाहीतर आधी अंगठा जाईल, मग पाय, मग तुम्ही."

दाराआड पंतांची बायको सगुणा उभी होती. शेवटचे शब्द ऐकले आणि तिचा हात अंबाड्यावर गेला. पंतांचं काही बरंवाईट झालं तर दहाव्या दिवशी न्हावी वस्तरा घेऊन दाराशी येणार, हे तिला कुणी सांगायला नको होतं. तिच्या मावशीला दोघींनी धरून पाटावर बसवलं होतं, ते तिने लहानपणी बघितलं होतं. अंगठा पंतांचा, पण जिवाचं पाणी हिचं होत होतं.

पहिले काही दिवस बरे गेले. मग डोंबिवली गावचा काळुराम, पंतांचा जुना पक्षकार, तांब्या घेऊन आला. "रावसाहेब, गाय यायली. चीक आनलाय तुमच्यासाठी." घरात आल्यागेल्याला खरवस झाला आणि पंत पाट ओढून बसले.

"अहो, पथ्य!" सगुणा म्हणाली.

"खरवस म्हणजे दूध. दूध बंद, असं शास्त्रीबुवा म्हणाले? नाही."

"त्यात गूळ आहे ना!"

"गूळ खाणं बंद आहे. मी खरवस खातोय."

वड्यांमागून वड्या गेल्या आणि मग मात्र पंतांचा चेहरा उतरला. खरंच उतरला हो, ढोंग नव्हतं. "मोडलं गं पथ्य," ते पुटपुटले. "मग आता उठा," सगुणा म्हणाली. तर म्हणे, "उठू कशाला? कराराचं एक कलम मोडलं की करारच रद्द. आज पथ्य उरलंच नाही. रद्द करारापायी मी उपाशी राहू?" आणि त्या रात्री त्यांनी आंबेमोहोराचा दहीभात ओरपला. नवा करार सोमवारपासून! पण सोमवारी पाहुणे आले, पुढच्या सोमवारी अमावास्या पडली, आणि तिसऱ्या सोमवारी कुणाचं तरी बारसं निघालं. पथ्याच्या दाव्याला नुसत्या तारखा पडत गेल्या आणि अंगठा निळा होत गेला.

"एक घास चुकला तर पुढचा नीट खावा," सगुणा काकुळतीला येऊन म्हणाली. "जिन्यावर एक पायरी घसरलेला माणूस उरलेल्या पायऱ्या मुद्दाम लोळत जातो का?"

"तुला कायद्यातलं कळत नाही," पंत म्हणाले.

मग एक दिवस घरच्या भटजींनी बोलता बोलता सांगितलं की यजमान आजारी असला तर त्याचं व्रत बायकोने केलेलं चालतं, फळ यजमानालाच लागतं. झालं! पंत बसल्या जागी उडाले. "अगं, ही तर मुखत्यारी! मुखत्याराने केलं ते धन्याने केलं. आजपासून माझ्या पथ्याची मुखत्यार तू."

"मी कारलं खाल्लं तर तुमचा अंगठा भरेल?"

"अर्धांगी ना तू माझी?"

हा शुद्ध खुळेपणा आहे, हे सगुणाला कळत होतं. पण न जाणो, देवाघरी असंही चालत असलं तर? भीतीपायी माणूस काय वाटेल ते गिळतो, तिने कारलं गिळलं. पंत बासुंदीची वाटी तोंडाला लावून तिच्या पानात डोकावायचे. "ते टाकू नकोस हं. माझ्या पायाचा प्रश्न आहे." शेजारची उत्तरा म्हणायची, "सगुणाताई, काय तरतरीत दिसतेस गं!" सगुणाला रडू यायचं.

श्रावणात पंतांनी ठाण्याचा एक दावा जिंकला. पक्षकाराने जिलब्यांची पंगत घातली. कुणीतरी विचारलं, "पंत, तुमचं पथ्य होतं ना?" पंत तिसऱ्यांदा वाढून घेत म्हणाले, "आहे की! घरी चालू आहे." पंगत पोट धरधरून हसली. संध्याकाळच्या आगगाडीने पंत घरी आले ते हुडहुडी घेऊनच. सकाळी अंगठा काळा पडला होता आणि पोटरी सुजली होती. त्र्यंबकशास्त्र्यांनी हात जोडले. "ठाण्याच्या सरकारी डॉक्टरकडे न्या. उशीर करू नका."

ठाण्याला डॉक्टरांनी पट्टी सोडली आणि म्हणाले, "आज अंगठा कापला तर पाय वाचेल. उद्या पाय कापावा लागेल. परवा माझ्याकडे आणू नका. बोला, कापू?"

पंत तापाने फणफणले होते, पण जीभ जाग्यावर होती. "इतकी घाई नको. सोमवारची तारीख धरू. सोमवारपासून मी पथ्यही..."

परक्या पुरुषांसमोर सगुणा जन्मात बोलली नव्हती. तिने पदर पुढे ओढला. "डॉक्टरसाहेब, कापा."

"तू कोण सांगणार?" पंत ओरडले.

"मुखत्यार. मुखत्याराने केलं ते धन्याने केलं, असं तुम्हीच म्हणालात. मी हो म्हटलं, म्हणजे तुम्ही हो म्हटलंत."

"मी मुखत्यारी रद्द करतो! आत्ता!"

"करा की," सगुणा म्हणाली, "सोमवारपासून."

डॉक्टरांनी गुंगीच्या औषधाची बाटली उघडली. सगुणा बाहेर ओसरीवर जाऊन बसली आणि दोन्ही हातांनी अंबाडा घट्ट धरून ढसाढसा रडली.

पाय वाचला. पंत लंगडत का होईना, पुन्हा कोर्टात जायला लागले. मुखत्याराने अधिकाराबाहेर काम केलं, अशी तक्रार ते भेटेल त्याला सांगायचे. ऐकणारा तोंड फिरवून हसायचा. मधूनच कुठे पेढा तोंडात टाकायचे. सगुणाला वासावरून कळायचं, पण ती त्रागा करत नसे. पुढच्या जेवणाला जवाची भाकरी मुकाट पानात पडायची. "आज मोडलंच आहे, तर थोडा भात..." पंत चाचरत सुरू करायचे.

"अजून नऊ बोटं आहेत," सगुणा म्हणायची आणि कारल्याची भाजी वाढायची.