पंगतीत किती फुकटे बसतात

लग्न होऊन मी कासारवाडीला आले ती मॅट्रिकचा तोरा घेऊनच. पिंपरीला नुकताच मोठा कारखाना उभा राहिला होता आणि सासूबाईंनी घराच्या ओसरीवर कामगारांची खानावळ काढली होती. त्यांना मी आत्याबाई म्हणायचे. पाळी सुटली की सायकली भिंतीला टेकायच्या, तांब्यांचा खणखणाट व्हायचा आणि आम्ही दोघी गरम भाकऱ्या वाढत सुटायचो. ते दिवस आठवले की अजून आमटीचा वास येतो.

चौदा जण महिन्याला वीस रुपये देऊन जेवत. शिवाय दोघे फुकट. कोकणातल्या एकाच गावचे, भरतीच्या आशेनं रोज कारखान्याच्या फाटकावर उभे राहणारे. आत्याबाई म्हणायच्या, "काम लागलं की देत्याल. न्हाई लागलं तरी जेवाया तर पायजेच की."

आमच्या ह्यांना हे पटत नव्हतं. महिनाअखेर तोटा दिसला तर खानावळ बंद, असं त्यांनी बजावलं. आत्याबाईंचा सारा जीव त्या पंगतीत. मी म्हटलं, बीजगणित कधी कामाला यायचं?

महिन्याच्या पहिल्याच दिवशी पाटी घेऊन स्वयंपाकघरात बसले. एका माणसाच्या जेवणाला महिन्याचे पंधरा, सरपण आणि पाणी भरणाऱ्या बाईचे मिळून पन्नास, येणारे दोनशे ऐंशी. फुकट जेवणारे क्ष. बरोबरच्या चिन्हाऐवजी 'जास्त नको'चं टोकदार चिन्ह घातलं: कंसात चौदा अधिक क्ष, गुणिले पंधरा, अधिक पन्नास, हे दोनशे ऐंशीहून जास्त नको. क्ष निघाला एक पूर्णांक एक तृतीयांश. तृतीयांश माणूस काही जेवायला येत नाही.

"आत्याबाई, फुकटचा एकच बसतो," मी मोठ्या आवाजात सांगितलं. हुशारी हळू आवाजात कोण सांगतं? "दोघं बसले तर खानावळ बुडाली."

"म्हंजी येकाला उठवायचा?"

"गणित तसं सांगतंय."

"मग तूच जा नि उठव. मला पानावरनं माणूस उठवता येत न्हाई."

मी भाकऱ्यांची टोपली घेऊन ओसरीवर गेले. दोघं शेजारी शेजारी, मान खाली घालून जेवत होते. कुणाला सांगायचं तेच कळेना. दोघांना एकेक भाकरी वाढली आणि परत आले. उद्या बघू म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दोघांतला एकटाच आला. दुसरा गावाला गेला, एवढंच म्हणाला. आत्याबाईंनी चार दिवस त्या जागी ताट मांडलं, मग बंद केलं.

महिनाअखेर पाच रुपये उरले, अगदी माझ्या पाटीवर होते तेवढेच. ह्यांनी माझं कौतुक केलं आणि मीही फुगले.

पुढल्या महिन्यात त्या उरलेल्याला काम लागलं. पहिल्या पगाराचे वीस रुपये त्यानं आत्याबाईंच्या हातात ठेवले आणि माझ्याकडे न बघता बोलला, "वैनी, तुमचं गणित ओसरीवर ऐकू आलं होतं. तो म्हणाला, एकच बसतो तर तू बस. तुझ्या घरी पोरं आहेत."

इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही. दुपारी मी पुन्हा पाटी घेतली. तेच खर्चाचे आकडे. या वेळी फुकट जेवणारे दोन आधी बसवले आणि पैसे देणाऱ्यांच्या जागी क्ष मांडला. उत्तर आलं, सोळा किंवा जास्त. म्हणजे तेव्हा फक्त दोन गिऱ्हाईकं कमी पडत होती, आणि स्टेशनामागच्या खोल्यांत जेवणाची सोय शोधणारे ढीगभर होते.

मी हे आत्याबाईंना सांगितलं. त्यांचा हात परातीत थांबला.

"दोनच व्हय?" त्या म्हणाल्या. "मग हे आदी का न्हाई काढलंस?"