नंबर दुसऱ्याचा

कापूरहोळ फाट्यावरून भोरला जाणाऱ्या वडापच्या जीपा नंबराने सुटतात. फेऱ्या सगळ्यांना सारख्याच. तरी त्यांतला एक ड्रायव्हर रोज सगळ्यांच्या आधी येतो. त्याच्या सीटवरून बोट फिरवलं तर धूळ लागत नाही. आणि नंबर कुणाचाही असो, "भोर, भोर, भोर" ओरडत एसटीतून उतरणारी माणसं गोळा करतो तो हाच.

परवा ज्याचा नंबर होता, तो स्टेअरिंगवर डोकं टेकून झोपला होता. मी चिडून सरळ याच्या जीपकडे गेले. यानं दारावर हात आडवा धरला.

"न्हाई बाई, नंबर त्याचा हाय."

"आणि राबायचं तुम्ही? हे बरोबर आहे का?"

"कुठलं बरोबर! लई भांडलोय म्या ह्याच्यासंगं. पर नंबर मोडला तर ह्याच्या जीपला मानूस मिळायचं न्हाई, ह्यो घरी बसंल."

बोलता बोलता त्यानं झोपलेल्याच्या जीपचं दार उघडलं, खांद्यावरच्या फडक्यानं सीट पुसली आणि मला बसवलं. जीप भरल्यावर पत्र्यावर थाप मारली.

"भरली व्हय?" म्हणत झोपलेल्यानं चावी फिरवली.

मी मागं वळून पाहिलं. पुढची जीप भरायला हा पुन्हा ओरडत होता. तीही त्याची नव्हती.