अण्णांचं लॅमिनेशन आणि माझी पदवी

नाशिकरोडच्या आमच्या कॉलनीतल्या तमाम मंडळींना, आणि माझ्यासारखंच बॅगा भरून परदेशी गेलेल्यांना, अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, माझी पदवी ज्या विषयामुळे पूर्ण झाली त्याच्या पेपरात काय लिहिलं ते मी आजवर चारचौघांत लपवून ठेवलं होतं. आज सांगते. बसून घ्या.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. लग्नाला महिनाही झाला नव्हता आणि मी नवऱ्याबरोबर, म्हणजे सतीशबरोबर, अमेरिकेला निघाले होते. नाशिकरोड स्टेशनवर मुंबईच्या गाडीची वाट बघत आम्ही उभे. आई रडत होती. अण्णा, माझे वडील, रडत नव्हते. ते जावयाला सूचना देत होते.

‘जावईबापू, हिचं बीएस्सीचं फक्त तिसरं वर्ष राहिलंय. तेवढं उरकून घ्या.’

जणू ब्लाउजला हुकं लावायची राहिली होती!

अण्णा नोटांच्या प्रेसमध्ये नोकरीला. रोज झडती देऊन घरी येणारा माणूस, त्यामुळे कागदाचा मान त्यांनी ठेवावा तसा दुसऱ्या कुणी ठेवला नसेल. गाडी दिसायला लागली तेव्हा त्यांनी माझ्या हातात एक फाइल दिली. दहावीपासूनची एकूण एक मार्कलिस्ट लॅमिनेट केलेली. ‘पुरात पडली तरी काही होणार नाही,’ ते म्हणाले. मग तोंड फिरवून इंडिकेटरकडे बघत राहिले. गाडी समोर उभी होती तरी.

ओहायोतल्या आमच्या गावाला पूर कधी आला नाही. बर्फ आला. आणि पहिल्या कॉलेजातल्या साहेबांनी ती चकचकीत फाइल चाळून गोड आवाजात सांगितलं, तुमचे विषय आमच्या यादीत बसत नाहीत, पहिल्या वर्षापासून सुरुवात करा. मी हादरले. नाशिकमधली दोन वर्षं, तो प्रॅक्टिकलला गॅसचा वास, ती जर्नलं, सगळं शून्य? अण्णांना काय तोंड दाखवू?

दुसरं कॉलेज जरा लांब, बसने जायचं. तिथं प्रवेशाचं काम बघणारी डेनिस नावाची बाई होती, कानात बांगडीएवढे डूल. तिने फाइल बाजूला ठेवली आणि विचारलं, तुला काय आवडतं?

मी मागे वळून बघितलं, दुसऱ्या कुणाला विचारतेय का ते. नाशिकमध्ये ॲडमिशनच्या खिडकीवर मला जात विचारली होती, टक्के विचारले होते, फोटो तीन का आणले हेही विचारलं होतं. हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. डेनिसच्या कॉलेजात जुनी दोन वर्षं धरणार होते आणि उरलेले बरेचसे विषय आपण निवडायचे. केमिस्ट्रीच्या जोडीला पोहणं घ्या, नाटक घ्या, मातीची भांडी घ्या!

रविवारी फोनवर अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, ‘कुणीही काहीही शिकतं ते कॉलेज नव्हे, जत्रा आहे. आणि मडकी करायला विमानात बसायची काय गरज होती?’

पण दोन वर्षं धरतात म्हटल्यावर ते विरघळले. कॉलेजची अट एकच होती: मार्कलिस्टा विद्यापीठाने सीलबंद पाकिटात द्यायच्या, पाकीट फोडायचं नाही, आणि महिनाभरात पोचायच्या. अण्णा रजा टाकून पुण्याला विद्यापीठात गेले. दोन आठवड्यांनी पार्सल आलं. मी उघडलं. अण्णांनी पाकीट फोडून, मार्क बरोबर आहेत ना हे तपासून, सगळं नव्याने लॅमिनेट करून पाठवलं होतं.

मी फोनवर ओरडले. जन्मात पहिल्यांदा अण्णांवर ओरडले. ‘खराब होऊ नये म्हणून केलं गं,’ एवढंच ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा पुण्याची एसटी.

दुसरं पार्सल मुदतीच्या आदल्या दिवशी पोचलं. या वेळी पाकीट फोडलेलं नव्हतं. अण्णांनी ते अख्खं पाकीट, सील-शिक्क्यासकट, लॅमिनेट केलं होतं.

डेनिसने ते उजेडात धरलं, उलटंपालटं केलं. मग तिला जे हसू फुटलं! इतकं सीलबंद पाकीट नोकरीत पहिल्यांदाच पाहिलं, म्हणाली, आणि कात्री मागवली. मला प्रवेश मिळाला.

खरा धक्का पुढेच होता. शेवटच्या वर्षाला एक परकी भाषा सक्तीची निघाली. मी फ्रेंचचं पुस्तक घेऊन गेले, तर डेनिस म्हणते, तुझी भाषा आहे ना, तिचीच परीक्षा दे, आमच्यासाठी ती परकीच.

मराठी? परकी? अकरावीत मराठी सोडून इलेक्ट्रॉनिक्स घ्यायला लावलं होतं ते अण्णांनीच. ‘मराठी आपण घरी बोलतोच की. तिचे मार्क कोण देणार?’

कॉलेजने शेजारच्या शहरातल्या एका मराठी डॉक्टरीणबाईंना परीक्षक नेमलं. बाईंनी एकच प्रश्न दिला: घरी पत्र लिहा. मी पेन उचललं आणि ‘ती. अण्णांस’ लिहून थांबले. मग एकदम सुटले. स्टेशन लिहिलं, ती फाइल, इंडिकेटरकडे बघणारी मान. ओरडल्याची माफी मागितली. ते पत्र पोस्टात पडलं नाही, कॉलेजच्या कपाटात गेलं. म्हणून हे सगळं आता इथं लिहितेय. तेव्हापासून घर कुठलं म्हणून कुणी विचारलं की मला गाव आठवत नाही, पहिल्यांदा तो मायना आठवतो.

पदवी घेऊन नाशिकरोडला गेले तेव्हा अण्णांनी अख्खी कॉलनी गोळा केली. शेजारचे पगारेकाका चष्मा लावून विषय वाचून दाखवत होते. मडक्यांवर सगळे हसले. मग काका अडखळले. ‘फॉरेन लँग्वेज... मराठी. ए ग्रेड.’

अण्णांनी कागद हिसकावून घेतला, बोट ठेवून स्वतः वाचला, पुन्हा वाचला, आणि सगळ्या कॉलनीसमोर ओरडले, ‘आयला! म्हणजे इतकी वर्षं आम्हीच फॉरेनला राहतोय?’