आमचे दाजी आणि भरल्या पोटाची जळू

परभणी जिल्ह्याच्या वाट्याला जेवढा म्हणून आत्मविश्वास आला होता, तो सगळा एकट्या आमच्या दाजींनीच उचलून नेला असावा, असं मला सत्तर सालानंतरची दहाएक वर्षं रोज वाटत होतं. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे मालक. पालमच्या एका मजुराच्या घरातले पहिले मॅट्रिक, पहिले एम. एस्सी. आणि परभणीच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राचे लेक्चरर. परक्या गावात गेले तरी रस्ता ते कुणाला विचारत नसत, उलट तिथल्याच माणसाला सांगत. नोकरीच्या मुलाखतीत त्यांना विचारलं होतं, "परभणीच का?" दाजी म्हणाले, "इथल्या तळ्यांत जळवा चांगल्या आहेत." नोकरी मिळाली. त्या दिवशी दुसरा उमेदवारच आला नव्हता, ही गोष्ट ते कधी लपवत नसत. फक्त "त्याला भ्या वाटलं आसंल" एवढं पुढं जोडत.

जळू हा दाजींचा ध्यास होता. लोक देवळात जातात त्या श्रद्धेनं ते दर रविवारी जवळच्या झरी गावच्या तळ्यावर जात, पँट मांडीपर्यंत दुमडत आणि म्हशींच्या शेजारी पाण्यात उभे राहत. जळवा पायाला डसल्या की त्या हळूच सोडवून काचेच्या बरणीत टाकत आणि बरणी मांडीवर घेऊन एस.टी.नं परत येत. एकदा आम्ही पालमला चाललो होतो. राणीसावरगावची एक म्हातारी शेजारी बसली होती. बरणीकडं बघत ती म्हणाली, "लेकरा, माजा गुडगा लय ठणकायलाय. एक लाव की." दुसरा कुणी असता तर हसला असता. दाजींनी बरणीचं झाकण काढलं, म्हातारीच्या गुडघ्याला जळू लावली, मनगटावरच्या घड्याळात वेळ बघून वहीत टिपली आणि कंडक्टरला बजावलं, "गाडी हळू घ्या, प्रयोग चालू हाय." पालम येईस्तोवर पुढच्या तीन बाकांवरची माणसं मागं जाऊन उभी होती. म्हातारी मात्र उतरताना दाजींच्या डोक्यावरून हात फिरवून गेली.

आम्हांला वाटायचं, हे नुसतं वेड आहे. पण त्या वेडाच्या तळाशी एक प्रश्न होता. भुकेल्या जळवेला पाण्यात बारीकशी लाट जाणवली की ती त्या दिशेनं झेपावते, कारण लाट म्हणजे म्हशीचा पाय, म्हणजे जेवण. पोट भरलेली जळू मात्र लाट आली तरी ढिम्म पडून राहते. दाजी विचारत, "आता मला सांगा मेव्हणे, तिला लाट कळतच न्हाई, का कळून बी ती हलत न्हाई?" मी तहसील कचेरीतला टंकलेखक. मी म्हणायचो, "दाजी, आमच्या सायबाचं बी तसंच हाय." दाजी हसत, आणि लगेच गंभीर होऊन सांगत, की जळवेच्या अंगात मज्जातंतूंच्या एकवीस गाठी असतात, त्यांतल्या पेशी साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसण्याइतक्या मोठ्या असतात, आणि एका पेशीत बारीक सुई घालून तिचं बोलणं ऐकता आलं, तर या प्रश्नाचं उत्तर मिळेल. तशी यंत्रं परभणीत नव्हती. मुंबईतही असतील-नसतील.

मग एक दिवस कृषी विद्यापीठाच्या ग्रंथालयातून दाजी धापा टाकत थेट आमच्या कचेरीत आले. परदेशातल्या कुठल्याशा फाउंडेशनची जाहिरात त्यांनी कागदावर उतरवून आणली होती. मेंदू आणि मज्जासंस्थेवर काम करणाऱ्यांना ते मदत देणार होते, मात्र दोन देशांतल्या दोन संशोधकांनी मिळून अर्ज करायचा होता. "आपलं झालं," दाजी म्हणाले. मी विचारलं, "दुसऱ्या देशातला दुसरा कोण?" दाजी म्हणाले, "ते बारीक काम हाय."

त्या बारीक कामासाठी त्यांनी सतरा शास्त्रज्ञांना पत्रं लिहिली. सोळा जणांचं उत्तर आलं नाही. "त्यांचं नशीब," दाजी म्हणाले. सतरावं पत्र स्वीडनमधल्या एका बाईंना होतं, आणि त्याची सुरुवातच अशी होती: 'तुमच्या निबंधातलं तिसरं चित्र चुकलं आहे.' मी टाइप करता करता थांबलो. "दाजी, मदत मागायची का भांडायचं?" ते म्हणाले, "चुकलंय तर चुकलंय. तुमी बडवा." दीड महिन्यानं निळं पाकीट आलं. आत दोनच ओळी होत्या: 'चित्र खरंच चुकलं आहे. तुम्ही कोण?'

तिथून वर्षभर पत्रं चालली. बाईंकडं यंत्रं होती, पण त्यांच्या जळवा व्यापाऱ्याकडून पार्सलनं यायच्या. त्या कधी, काय जेवल्या होत्या हे बाईंना ठाऊक नसायचं. दाजींना झरीच्या एकेका जळवेचं जेवण तोंडपाठ होतं. दोघांनी मिळून अर्ज करायचं ठरलं आणि माझ्या बोटांची कंबख्ती भरली. अर्जाचे सहा खर्डे झाले. 'प्रयोगशाळेतील सोयी' या रकान्यात काहीतरी भारदस्त लिहा, असं मी सुचवलं. दाजींनी सांगितलं ते असं: 'तळी: सात. म्हशी: मुबलक. वीज: असते तेव्हा.' मी हात जोडले, पण त्यांनी एक शब्द बदलू दिला नाही.

अर्जावर प्राचार्यांची सही लागत होती आणि गाडी तिथं अडली. प्राचार्यांनी अर्ज वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "तुमच्याकडं पीएच.डी. न्हाई. पहिलं नाव माझं घाला, मग बघू." दाजींच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मी बघितल्या. शाळेत असताना त्यांना शेवटच्या बाकावरून पुढं यायला किती वर्षं लागली होती, ते अक्कानं मला सांगितलेलं होतं. आता हे भांडणार, नोकरी जाणार, असं मला वाटलं. पण दाजी शांतपणे म्हणाले, "घालू की सर. फक्त ज्याचं नाव, त्यानं सोताच्या हातानं केलेलं काम लिहायचंय आणि काम करतानाचा फोटो जोडायचाय. फॉर्मातच हाय तसं. रविवारी झरीला या."

प्राचार्य आले. डोक्यावर हॅट, हातात छत्री, आणि घरून धोतर नेसून, म्हणजे ते वर खोचायला बरं. फोटोग्राफर काठावर उभा होता, मी चपला सांभाळत होतो. पाण्यात शिरून मिनिटभर झालं नाही तोच प्राचार्य ओरडले, "अरे, काढा! काढा हिला!" दाजींनी वाकून बघितलं. "सर, लय चांगली बसलीया. ओढली तर जखम चिघळंल. पोट भरलं की आपसूक सुटती. इस मिनटं. हलू नका." आणि वही काढून त्यांनी वेळ टिपली. वीस मिनिटं प्राचार्य छत्री उघडून तळ्यात उभे होते. एक म्हैस जवळ येऊन त्यांच्याकडं टक लावून बघत होती. दाजी दर दोन मिनिटांनी विचारत होते, "आता कसं वाटायलंय, सर?" जळू सुटली तेव्हा दाजींनी तिच्याशेजारी काठीनं पाणी हलवून दाखवलं. जळू हलली नाही. "बघा सर. हाच माझा प्रश्न हाय." प्राचार्य स्वतःचा पाय विसरून वाकले आणि बराच वेळ त्या गलेलठ्ठ जिवाकडं बघत राहिले. मग काठावर बसून त्यांनी सही केली. म्हणाले, "माझं नाव नको. पण उत्तर मिळालं की मला सांगा." पुढं छापून आलेल्या निबंधात दाजींनी त्यांच्या 'प्रत्यक्ष सहकार्याबद्दल' आभार मानले, आणि त्यातली गोम परभणीबाहेर कुणालाच कळली नाही.

फाउंडेशनचं पत्र आलं त्या दिवशी मी अक्काकडंच होतो. मदत मंजूर झाली होती. दाजींनी सहा महिने स्वीडनला येऊन काम करावं, प्रवासासकट सगळं ते बघतील, असं लिहिलं होतं. "येणारच होतं," दाजी म्हणाले आणि पत्र खिशात घातलं. मग पुन्हा काढून वाचलं. मग तिसऱ्यांदा वाचलं. ते आत गेले आणि बुद्धाच्या मूर्तीसमोर मांडी घालून बसले. अक्का चहा घेऊन दाराशी उभी राहिली. चहा निवला, तो तिनं पुन्हा गरम करून आणला.

दाजी गेले आणि सहा महिन्यांनी परतले. परभणी स्टेशनवर आम्ही हार घेऊन उभे होतो. अक्कानं नवं लुगडं नेसलं होतं. दाजी डब्यातून उतरले, हार घालायला तिनं हात उचलले, तर हे तिचे दोन्ही हात धरून म्हणाले, "कळतंय तिला!"

"कुणाला?"

"जळवेला! लाट आली की पेशी बोलती. लख्ख ऐकू येतंय यंत्रात. पोट भरल्यालं आसलं तरी बी कळतंय. पर ती हलत न्हाई."

अक्का म्हणाली, "बरं झालं. आता घरी चला. लय वाळलात."

बाईंनी त्यांना आणखी दोन वर्षं ठेवून घ्यायचं म्हटलं होतं, हे आम्हांला फार उशिरा, बाईंच्याच एका पत्रावरून कळलं. मी विचारलं, "का न्हाई राहिलात?" दाजी बरणीतलं पाणी बदलत होते. म्हणाले, "तिकडं बोलायला विषय हाय, मेव्हणे, पर मानसं आपली न्हाईत. इकडं मानसं हायत, पर विषय..." आणि ते बरणीचं झाकण लावायला लागले.

त्या मदतीतून कॉलेजला नवा सूक्ष्मदर्शक आला, पोरं शिकली, दोघंतिघं पार पुढं गेली. दाजी मात्र रविवारी दुपारी माझ्याकडं यायला लागले. चहा झाला की कागदावर गाठी काढायचे, त्यांना जोडणाऱ्या रेघा काढायचे आणि तासतासभर सांगत राहायचे. मी मान हलवायचो. एकदा मधेच थांबून त्यांनी विचारलं, "खरं सांगा, तुमाला ह्यातलं काईच कळंना न्हवं?"

"न्हाई, दाजी."

"मला ठावं हाय. पर तुमी उठून जात न्हाई." आणि पेन्सिलीला टोक करून ते पुढची गाठ काढायला लागले.

दाजींना जाऊन आता बरीच वर्षं झाली. रविवारी दुपारी चहा झाल्यावर मी अजून तासभर तसाच बसून राहतो. घरातले विचारतात, काय करताय? काही नाही, म्हणतो, आणि बसतो.